बाटलीतली दोन बोटं

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून वही. ही म्हणाली, "अहो, रोज मला सांगण्यापेक्षा कुठे तरी लिहून ठेवत जा ना." निवृत्त होऊन आठ महिने झाले. घरातल्या सगळ्या नळांचं पाणी दिवसातून दोनदा तपासून होतं. शेजाऱ्यांच्या नळांचंही तपासत होतो, पण हल्ली ते दार उघडत नाहीत.

एकतीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत चव आणि वास पाहायला होतो. रोज चाळीस नमुने. शेरे तीनच: 'चालेल', 'चालणार नाही' आणि 'नमुना पुन्हा आणा'. चौथ्याची गरज कधी पडली नाही.

आज मात्र लिहिण्यासारखं घडलं. आमचे जावईबापू बीअर करतात. गोदामाएवढा छोटासा कारखाना आहे, तो आणि आमची लेक मिळून चालवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सहा लाकडी पिंपं भरून ठेवली, बेल्जियमकडच्या फ्लेमिश धर्तीच्या आंबट तपकिरी बीअरची. ती आता मुरली आहे. २२ मार्चला पिंपांतली मुरलेली आंबट बीअर आणि टाकीतली कोवळी गोडसर बीअर यांचं मिश्रण करायचं. कुठल्या पिंपातलं किती घ्यायचं हे पाच जण चाखून ठरवणार. मिश्रण एकदा झालं की पुन्हा वेगळं करता येत नाही. जमलं तर जमलं, नाही तर दोघांची दोन वर्षं पाण्यात.

त्या पाच खुर्च्यांतली एक रिकामी झाली आहे. तिथे बसणारा चष्म्याचा दुकानदार गाव सोडून गेला. जावई म्हणाला, "बाबा, तुमच्या नाकाचा अनुभव दांडगा. चार बैठकींना येऊन बघा, जमलं तर खुर्ची तुमची."

मला ती खुर्ची हवी आहे. इथे लिहायला लाज कसली? आठ महिन्यांत मला कोणी काही विचारलेलं नाही.

नमुना म्हणून त्याने एक ग्लास दिला. मी घोट घेतला आणि सांगितलं, "बिघडली आहे." लेकीने डोक्याला हात लावला. ही बीअर अशीच आंबट असते म्हणे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली बैठक. अध्यक्ष दंतवैद्य आहेत. त्यांच्या शेजारी भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई, मग पिंपं दुरुस्त करणारा सुतार, मग जावई. लेक नोंदवहीत प्रत्येकाचं बोलणं उतरवून घेते.

दंतवैद्यांनी ग्लास फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "जुनं चामडं. काळी चेरी. तळघरातला गारवा." भूगोलबाई म्हणाल्या, "उतारावरची फळबाग, पायथ्याशी दलदल." सुतार म्हणाला, "लाकूड." हा सुतार प्रत्येक ग्लासाला लाकूड म्हणतो आणि दर वेळी बरोबर ठरतो.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी नीट चाखून सांगितलं, "चालेल."

लेकीची पेन्सिल तशीच अधांतरी. दंतवैद्य गोड आवाजात म्हणाले, "अजून काही जाणवतंय का? घाई नाही." हाच आवाज ते दाढ काढताना वापरत असणार.

मी पुन्हा चाखली. "बऱ्यापैकी चालेल."

घरी येईपर्यंत कान गरम होते.

९ फेब्रुवारी, रविवार

हातपाय गाळून चालणार नाही. ज्याची चव माहीत नाही ते ग्लासात कसं सापडणार? म्हणून मूळ नमुन्यांपासून सुरुवात केली. चामड्यासाठी कमरेचा पट्टा चाटला. बकलाकडे खारट, टोकाकडे बेचव. पट्टा तसा नवा आहे, म्हणून जुने बूट काढले. डावा बूट तोंडाशी असतानाच ही खोलीत आली.

"अहो, हे काय?"

"अभ्यास."

"भूक लागली असेल तर सांगायचं ना."

मी सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं, बूट माझ्या हातातून काढून कपाटात ठेवला आणि म्हणाली, "निदान उजवा तरी घ्यायचा. डाव्याने तुम्ही काय काय तुडवलंय ते मला माहीत आहे."

सरावासाठी जावयाने डझनभर बाटल्या दिल्या आहेत. पहिल्या बाटलीत दोन बोटं बीअर मुद्दाम उरवली. बूच लावून, लेबलावर पेन्सिलने खूण करून फ्रिजमध्ये ठेवली. उद्या चवीत काय फरक पडतो ते पाहायचं.

१० फेब्रुवारी, सोमवार

फरक पाहता आला नाही. बाटली रिकामी. बूच जागच्या जागी. अल्कोहोल उडून जातं हे माहीत होतं, पण एवढ्या वेगाने? पुन्हा दोन बोटं ठेवली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा शून्य. बाष्पीभवनाचा वेग दिवसाला दोन बोटं. वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखला आहे. जावयाला दाखवायला हवा, त्याच्या पिंपांतही असंच होत असेल तर बिचाऱ्याचं काही खरं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या दुसरी बैठक आणि माझ्याकडे अजून एक शब्द नाही. त्यात हिची अखंड बडबड. ग्लास विसळता विसळता म्हणते, "आजच्या ग्लासाला वेगळाच वास आहे हो. सुकी चेरी कोटाच्या खिशात राहून गेली आणि कोट वर्षभर कपाटात टांगलेला, तसा. आणि शेवटी, पाहुणे गेल्यावर आठवडाभर बंद ठेवलेली खोली उघडावी तसं काहीतरी."

मी म्हटलं, "अगं, मी इथे एकाग्र व्हायचा प्रयत्न करतोय."

"व्हा ना. मी ग्लासाशी बोलतेय."

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज कमाल झाली! ग्लास नाकाशी नेला आणि शब्द आपोआप सुचले. म्हटलं, "सुकी चेरी. पण नुसती नव्हे, कोटाच्या खिशात राहून गेलेली. आणि शेवटाला, पाहुणे गेल्यावर आठवडाभर बंद ठेवलेली खोली."

दंतवैद्यांनी ग्लास खाली ठेवून टाळी वाजवली. भूगोलबाई म्हणाल्या, "मला ती खोली दिसली." सुतार म्हणाला, "खोलीला लाकडी दार असणार." जावयाने पाठीवर थाप मारली. लेकीने मात्र लिहिताना मान वर करून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिलाही अभिमान वाटला असेल.

बुटाचा अभ्यास वाया गेला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कारखान्यात गेलो होतो. पिंप नंबर चारची एक फळी पाझरत होती. आतली बीअर तेवढ्यापुरती पोलादी टाकीत काढून सुताराने फळी बदलली. आता पिंप धुऊन बीअर परत भरायची होती. धुण्याच्या पाण्याची वेगळी टाकी आहे. सवयीने खिशातली क्लोरीन मोजायची पट्टी काढून पाणी तपासलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. क्लोरीन शून्य! चक्क शून्य! गाळणी लावून सगळं काढून टाकलेलं. एकतीस वर्षांत असलं निर्धास्त पाणी मी पाहिलं नव्हतं.

जावई फोनवर बोलत होता. बिचाऱ्याला आधीच नाकी नऊ आलेत, त्यात ही काळजी कशाला? माझ्याजवळच्या डबीतल्या क्लोरीनच्या चार गोळ्या टाकीत टाकल्या. प्रमाण अचूक. कोणाला सांगितलं नाही. चांगलं काम गाजावाजा न करता करावं या मताचा मी आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

ही आठवड्यासाठी तिच्या बहिणीकडे गेली. आता शांतपणे सराव होईल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विलक्षण! पाच दिवस झाले, बाष्पीभवन पूर्ण थांबलं आहे. रविवारची दोन बोटं रविवारच्याच खुणेवर आहेत. हवामान तेच, फ्रिज तोच, बूचही तेच. कारण शोधतोय.

सराव ठीक. आजच्या ग्लासात लिंबाची स्पष्ट झाक सापडली, वर थोडा फेसाळपणा. हा शोध सर्वस्वी माझा.

१ मार्च, शनिवार

तिसरी बैठक. लिंबाची झाक सांगितली. कोणालाच सापडली नाही. दंतवैद्य म्हणाले, "फेसाळपणा नेमका कसला?" मी वर्णन केलं. लेक म्हणाली, "बाबा, घरी ग्लास कोण धुतंय?"

मीच धुतोय. साबण निघाला नव्हता.

आज नाक कापलं गेलं म्हणायचं.

३ मार्च, सोमवार

ही काल परत आली. आल्या आल्या मी धुतलेले सगळे ग्लास तिने पुन्हा धुतले. आणि बाष्पीभवन धडाक्यात सुरू झालं! तीन बाटल्यांतली मिळून सहा बोटं एका दिवसात गेली. आठवडाभर अडलेला जोर एकदम निघाला असावा. तक्त्यासाठी वेगळी शाई वापरली.

हिची तब्येत छान दिसते. गुणगुणत होती.

८ मार्च, शनिवार

चौथी बैठक. काल ग्लास विसळताना हिचं चाललं होतं, "सासूबाईंची ट्रंक उघडल्यासारखं वाटतं बघा. वर आंबट तोंडाने बघणारं झाकण, आणि आत कुणालाही न सांगता जपलेलं काहीतरी गोड." मी फक्त कान उघडे ठेवले होते. आज तेच म्हटलं. 'सासूबाईंची'च्या जागी 'आईची' केलं, तेवढा बदल माझा.

भूगोलबाईंनी रुमाल काढला. दंतवैद्य उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ही खुर्ची तुमचीच."

खुर्ची मिळाली! डुगडुगते, पण माझी आहे. घरी येऊन हिला सांगितलं. तिला मनापासून आनंद झाला. म्हणाली, "काय म्हणालात तरी काय असं?" मी म्हटलं, "ते तांत्रिक असतं."

नंतर उगीच जरा चुकल्यासारखं वाटत राहिलं.

२२ मार्च, शनिवार

आजचं सगळं लिहायला हवं.

जावयाला तीन दिवस सर्दी. नाक बंद, डोळे लाल. ग्लासात मिरी घातली तरी कळणार नाही अशी अवस्था. म्हणाला, "आज सगळी मदार तुमच्या चौघांवर. तुम्ही सांगाल तसं मिश्रण करतो." लेक नोंदवही घेऊन बसली. सकाळीच हिला चल म्हटलं होतं, पण ती म्हणाली, "तांत्रिक असतं ना, मी येऊन काय करू?" त्यामुळे काल विसळलेल्या ग्लासांपुरतेच शब्द माझ्याजवळ होते. ते पहिल्या तीन पिंपांतच संपले.

मग नंबर चार आलं.

दंतवैद्यांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! हे काहीतरी निराळंच आहे. स्वच्छ, गंभीर, विश्वास वाटावा असं. मला फार आपलंसं वाटतंय. मी म्हणतो, मिश्रणात निम्मं हेच घ्या." भूगोलबाई म्हणाल्या, "बंदर. बंदरावर नवं इस्पितळ." सुताराने ग्लास हुंगला, पुन्हा हुंगला. "माझं लाकूड कुठे गेलं?" असं पुटपुटला, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मी घोट घेतला. शब्दांची गरजच पडली नाही. हा वास मी झोपेतही ओळखीन. क्लोरीन लाकडाला लागला की हाच औषधी वास येतो. नोकरीतल्या पहिल्याच वर्षी लाकडी टाकीच्या पाण्यात असा आला होता आणि निम्म्या गावाने तक्रार केली होती. दंतवैद्यांना आपलंसं वाटणारच, त्यांचा अख्खा दवाखाना त्या ग्लासात होता. आणि तो तिथे मी घातला होता. चार गोळ्या, प्रमाण अचूक.

लिहायला लाज वाटते, पण पहिला विचार जावयाचा आला नाही, खुर्चीचा आला. 'चालेल' म्हटलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. जावई नळीला हात लावून उभाच होता. नंबर चार निम्म्याने मिसळलं असतं तर बाकीची पाचही पिंपं गेली असती. त्याने नाक पुसलं आणि विचारलं, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं. काय म्हणता?"

मी म्हटलं, "चालणार नाही."

"थोडं?"

"एक थेंबही चालणार नाही. क्लोरीन आहे. मी घातलाय."

मग टाकी, पट्टी, गोळ्या, सगळं सांगितलं. जावई पालथ्या खोक्यावर बसला. त्याने विचारलं, "किती गोळ्या?"

"चार. टाकीच्या मापाने बरोबर होत्या."

"बरोबर होत्या," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा नाक पुसलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

बोलायला लागलोच होतो, तर उरलेलंही सांगावं असं ठरवलं. म्हटलं, "आणि आतापर्यंतचं ते वर्णनबिर्णन माझं नव्हतं." लेक नोंदवहीतून मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे. खिशातली चेरी ऐकली तेव्हाच कळलं. लहानपणी मला ताप आला की आई कपाळाचा वास घेऊन अंश सांगायची. बाबा, तिला का नाही आणलंत कधी?"

तिला कोणी विचारलंच नव्हतं, आणि विचारायला हवं होतं ते मीच.

नंबर चार मोरीत सोडून दिलं. दोन वर्षांची बीअर गडद तपकिरी रंगाने वाहत गेली. मी शेवटपर्यंत तिथे उभा राहिलो. मला रडू आलं. दंतवैद्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि "थोडं दुखेल" असं काहीसं म्हणाले, सवयीने. उरलेल्या पाच पिंपांचं मिश्रण आठवड्याने, जावयाची सर्दी गेल्यावर. मी खुर्ची भिंतीला लावून आलो.

२३ मार्च, रविवार

हिला सगळं सांगितलं. गोळ्यांचंही आणि शब्दांचंही. तिने भाजी चिरणं थांबवलं नाही.

"ट्रंकेचं पण सांगितलंत?"

"हो. 'आईची' म्हणून."

"मग खोलीत असत्या तर सासूबाईंनी काय केलं असतं?"

"माझा कान पिळला असता."

तिने सुरी खाली ठेवली, हात पुसला आणि माझा कान पिळला. बराच जोरात. मग म्हणाली, "निम्मं घ्या म्हणत असताना नाही म्हणालात, ते मात्र बरं केलंत."

संध्याकाळी जावई येऊन गेला. माझ्याकडे बघून हसला, थोडंसंच, पण हसला. पाणी तपासायचं काम माझ्याकडे राहणार आहे. फक्त तपासायचं. टाकीवर लेकीने पाटी लावली आहे: 'बाबांनी आत काहीही टाकू नये.' मग तो हिच्याकडे वळला आणि म्हणाला, "आई, शनिवारी एक खुर्ची रिकामी आहे. याल?"

ही म्हणाली, "डुगडुगते ना ती? आधी पाय नीट करून घ्या."

२९ मार्च, शनिवार

खुर्चीचा पाय सुताराने बसवला. ही चांगली साडी नेसून बसली. मी पाण्याच्या टाकीशेजारी उभा होतो, हात पाठीमागे बांधून, कोणाला शंका नको म्हणून.

जावयाने पाच पिंपांतलं आणि कोवळ्या बीअरचं मिश्रण मापाने केलं आणि पहिला ग्लास हिच्यापुढे ठेवला. तिने तो देठाशी धरला, फिरवला, नाकाशी नेला, छोटा घोट तोंडात खेळवला, मग दुसरा. पहिल्यांदाच घेत असूनही कुठे अडखळली नाही. काहींना उपजतच असतं.

सगळे सरसावून बसले. दंतवैद्य पुढे झुकले. भूगोलबाईंनी रुमाल आधीच काढून ठेवला होता. लेकीने नोंदवहीचं नवं पान उघडलं. हिने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली,

"चालेल."

जावई म्हणाला, "आई, अजून काही?"

"नाही हो. चालेल म्हणजे चालेल. भरा बाटल्या."

त्याने लेकीला उचललंच. सुतार म्हणाला, "लाकूड आलं परत." मलाही अर्धा ग्लास मिळाला. तो घोट जिभेवर असताना मला कोटाचा खिसा आठवला, बंद खोली आठवली, आईच्या ट्रंकेतली ती गोड वस्तू आठवली आणि कान पिळून घेताना हिच्या हाताला आलेला भाजीचा वासही. हे सगळं त्या एका घोटात होतं. मी कोणाला सांगितलं नाही, कारण मला कोणी विचारलं नाही, आणि आज त्याचं काही वाटलं नाही.

घरी आल्यावर मागच्या पानावरचा तक्ता काढला. दर दिवशी दोन बोटं. २३ फेब्रुवारीपासून ही बहिणीकडे असेपर्यंत, शून्य. परत आली त्या दिवशी, सहा. बराच वेळ तक्त्याकडे बघत बसलो. ही आत गुणगुणत होती.

बाष्पीभवनाची नोंद आजपासून बंद. नव्या मिश्रणाची पहिली बाटली फ्रिजमध्ये ठेवली आहे. दोन बोटं नव्हे, अर्धी बाटली. शेजारी एक ग्लासही ठेवला आहे, साबण नीट काढून.